आधी इथे कोणी राहत होतं का

शुक्रवार, ४ एप्रिल २०२५, उम्म अल कुवैन

पोचलो एकदाचे. पाच बॅगा होत्या, पाचही आल्या. मी तीनदा मोजल्या, तेव्हा तनया म्हणाली, "Mamma, they're not going to have babies." नऊ वर्षांची आहे, पण जीभ नव्वदची. तनयाचा बाबा वेदांग जुलैत येईल, त्याच्या कंपनीत नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे. निघताना त्याने मला बजावलं होतं की तिथे गेल्या गेल्या सगळ्यांवर संशय घेत बसू नकोस. त्याच्या मते देवाने प्रसाद हातावर ठेवला तरी मी तो उलटून बघेन. बघेनच. उलटून न बघता खाल्लेल्या गोष्टींनी माझं पोट फार वेळा बिघडलंय.

सूर्यकांत सर, माझे इथले वरिष्ठ, विमानतळावर स्वतः आले होते. मूळचे ठाण्याचे, बावीस वर्षं इथे. मराठी ऐकून बरं वाटलं, पण प्रत्येक वाक्याला अरबी 'यल्ला', म्हणजे 'चला', लावतात. त्यांनी आम्हाला थेट कंपाऊंडवर सोडलं. इंडस्ट्रियल एरियाच्या टोकाला आहे हे. पलीकडे खाडी आणि तिवरं, अलीकडे एक मोठं गोदाम, मागे अंगण आणि अंगणाला लागून आमचे दोन खोल्यांचे क्वार्टर. राखण करतात हमीदभाई, मलप्पुरमचे, साठीच्या पुढचे. त्यांनी तनयासाठी खजुराची बिस्किटं आणून ठेवली होती.

पुण्यात बारा वर्षं कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवला. वर्गात पोरं झोपायची. आता त्याच इतिहासाचं खासगी म्युझियम उभं राहतंय आणि त्यातली पाटी न् पाटी मी लिहायची आहे. खरं सांगायचं तर आनंदाने झोप येत नाहीये.

रविवार, ६ एप्रिल

आज प्रदर्शनातलं केबिन, म्हणजे वसाहतीच्या काळातलं लाकडी घर, पाहिलं. म्युझियमच्या मालकांनी अमेरिकेतल्या नेब्रास्कातून फळी न् फळी सुटी करून आणवलं आणि अंगणात पुन्हा उभं केलंय. बारा फूट बाय चौदा फूट, एक दार, एक खिडकी, एक लोखंडी शेगडी. आणि खाली चाकं. चाकं बघून मला हसूच आलं, कारण वर्गात ही गोष्ट सांगितली की तेवढ्यापुरती मुलं जागी व्हायची.

तनयाला समजावलं. १८६२ साली अमेरिकन सरकारने कायदा केला होता: एकशे साठ एकर घ्या, पाच वर्षं राहा, घर बांधा, नांगरा, मग दोन साक्षीदार आणून शपथेवर पुरावा द्या, जमीन तुमची. आता प्रत्येकाने घर कशाला बांधायचं? काही बहाद्दरांनी चाकांवर एक केबिन केलं आणि एकाच्या जमिनीवरून दुसऱ्याच्या जमिनीवर ओढत नेलं. प्रत्येकाने त्यात एक रात्र झोपायचं आणि शपथ घ्यायची की माझ्या जमिनीवर घर आहे, मी त्यात राहिलोय. तनया म्हणाली, "That's cheating." म्हटलं, हो. मग तिने विचारलं की तिथे आधी कोण राहत होतं. ते उद्या सांगते म्हटलं.

आज रामनवमी. सासूबाईंनी बजावलं होतं की नव्या जागेत आधी दूध उतू घाल. पण क्वार्टरमध्ये इंडक्शनची शेगडी, आणि माझं पातेलं ॲल्युमिनियमचं, ते काही त्यावर तापेना. केबिनच्या शेगडीत हमीदभाईंनी धुराडं तपासायला लाकडं पेटवली होतीच. म्हटलं, काम इथेच करायचंय, तर दूधही इथेच. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, पातेलं ठेवलं. पूर्वेच्या बाजूने छान उतू गेलं. तनयाने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, आता हे आपलं घर. तिने मराठीत म्हटलं म्हणून मुद्दाम लिहून ठेवतेय.

बुधवार, ९ एप्रिल

केबिनबरोबर कागदांची एक पेटी आली आहे. चार दावेदार, चार पुरावे आणि एक कोरा फॉर्म. शेवटच्या पुराव्याच्या वेळी सरकार छापील प्रश्न विचारायचं. कुटुंबात कोण कोण आहे? सलग राहिलात का? तुमच्या आधी या जमिनीवर कोणी राहत होतं का?

शेवटच्या प्रश्नाला पहिल्या तिघांचं उत्तर एकच: कोणी नाही. आणि त्याच पेटीत त्याच जमिनींची मोजणीदाराची टिपणं आहेत, दहा वर्षं आधीची. त्यात पाऊलवाट आहे, मक्याचे वाफे आहेत, सहा चुलींच्या जागा आहेत, 'माणसांनी हात करून बोलावलं' असंसुद्धा आहे. त्या मूळच्या रहिवाशांना सैन्याने दक्षिणेकडे हाकललं, वाटेत किती मेली त्याची मोजदाद कोणी धड ठेवली नाही. मग चाकांवरचं केबिन आलं आणि शपथेवर लिहिलं गेलं, कोणी नाही.

हे सगळं मी मुख्य पाटीवर लिहिलं. सूर्यकांत सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, मैथिली, फार सुंदर लिहिलंयस, पण व्हिजिटर्स फॅमिलीज असणार, जरा लाइट ठेव. त्यांना हवंय ते असं: 'रिकाम्या गवताळ प्रदेशात धाडसी कुटुंबांनी घरं उभारली.' मी म्हटलं, रिकामा नव्हता. ते म्हणाले, आपल्याला काय करायचंय, आपण इथे कामाला आलोय. आवाज मऊ होता, पण मला प्रोबेशनची आठवण करून द्यायला ते विसरले नाहीत.

सोमवार, १४ एप्रिल

सही केली.

लिहायला लाज वाटते, पण रोजनिशीत तरी खोटं नको. ओपनिंगसाठी इतिहासतज्ज्ञाचं निवेदन लागतं म्हणे. सरांनी टाइप करून आणलं: संबंधित जमीन वसाहतीपूर्वी निर्जन होती. केबिनमधल्या टेबलावरच ठेवलं. प्रोबेशन संपलं की वेदांगचा व्हिसा, तनयाची शाळा, सगळं त्या नोकरीवर. केली सही. साक्षीदार म्हणून एक सही सरांनी केली, दुसरी हमीदभाईंना बोलावून घेतली. दोन साक्षीदार, अगदी कायद्याप्रमाणे. मी तसा विनोदही केला. कोणी हसलं नाही.

बारा वर्षं ज्या वाक्यावर मुलांचे मार्क कापले, त्या वाक्याखाली आज माझं नाव आहे.

मंगळवार, २२ एप्रिल

दोन गोष्टी खटकल्या. शाळेची बस काल आणि आज थांबलीच नाही, समोरून गेली. मी फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला स्टॉपवर मूल नव्हतं. मी तनयाचा हात धरून उभी होते. चष्मा लाव बाबा, म्हटलं.

दुसरी गोष्ट, हमीदभाई दुपारी बिर्याणी आणतात, आधी दोन डबे आणायचे, आता एक. विचारलं तर गोंधळले. मॅडम, आप अकेले कितना खायेंगे, म्हणाले. मला वाटलं थट्टा करताहेत. तनया समोरच बसली होती, ती रुसली.

म्हातारा दुसरा डबा विकतो की काय, असंही मनात आलं. माझं मन असंच आहे.

गुरुवार, २४ एप्रिल

शाळेत स्वतः गेले. रिसेप्शनच्या बाईंनी तीनदा शोधलं. या नावाची विद्यार्थिनी नाही. ॲडमिशनची पावती दाखवली तर त्या पावतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ही कोरी आहे. मला त्यावरची अक्षरं दिसत होती.

परत येऊन सरांना गाठलं. मला वाटतंय की फॅमिली व्हिसाचा खर्च वाचवायला ऑफिसने काहीतरी केलंय. सर शांतपणे म्हणाले, मैथिली, तू एकटी आलीस ना? मीच घ्यायला आलो होतो. मी म्हटलं, तिने तुमच्या गाडीत उलटी केली होती सर. ते माझ्याकडे काळजीने बघायला लागले. इतकं चांगलं नाटक कोणालाही जमत नाही, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

तिचा पासपोर्ट मी आता ब्लाउजमध्ये ठेवते.

शनिवार, २६ एप्रिल

क्वार्टरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. मूल वाढतं तशा घरोघरी करतात तशा. शेवटची एकशे बारा सेंटीमीटरवर. तनयाने दाखवल्या. हमीदभाईंना विचारलं, आधी इथे कोणतं कुटुंब होतं? म्हणाले, कुटुंब कधीच नव्हतं. तुमच्या आधी कुंदा मॅडम होत्या, नागपूरच्या, हेच पाट्यांचं काम. एकट्या. एक दिवस खूप रडल्या आणि गेल्या. कशाला रडत होत्या ते त्यांनाही सांगता येईना, असं हमीदभाई म्हणाले.

मी विचारलं, त्यांनी केबिनमध्ये दूध उतू घातलं होतं का. हमीदभाई म्हणाले, हां, आपके जैसा.

रविवार, २७ एप्रिल

वेदांगला व्हिडिओ कॉल केला. तनयाला पुढे बसवलं. तो हसला, म्हणाला, अरे वा, कोण ही गोड मुलगी? शेजारची का?

मी ओरडले त्याच्यावर. त्याला कळेना मी का ओरडते आहे. तू बरी आहेस ना, एकटीने फार ताण घेऊ नकोस, म्हणाला. तनया म्हणाली, "Baba's being weird." मग आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. पाठ गरम होती. श्वास चालत होता. ती आहे.

वेदांगही सामील आहे असं क्षणभर वाटलं. अठरा वर्षं ओळखते त्याला. तो सामील नाही. मग काय आहे?

सोमवार, २८ एप्रिल

पेटी पुन्हा वाचली, या वेळी नीट.

पहिला दावेदार. अर्जात: पत्नी, दोन मुली. शेवटच्या पुराव्यात: अविवाहित.
दुसरा. अर्जात: आई, भाऊ. पुराव्यात: कुटुंब नाही.
तिसरा. अर्जात पत्नी आणि मुलगा, पुराव्यात फक्त पत्नी. त्याच्या कागदामागे पेन्सिलने लिहिलंय: 'बायको म्हणते आपल्याला मुलगा होता. मी शेजाऱ्यांना विचारलं.'

मी आधी कारकुनाची चूक समजले होते.

तिघांनीही शपथेवर लिहिलं होतं, आधी कोणी नाही. तिघेही त्या घरात राहिले होते. मी त्या घरात दूध उतू घातलं. मी सही केली. घराला एवढंच शिकवलंय सगळ्यांनी, की राहणारं माणूस असलं तरी ते नाही म्हणायचं. बाहेरची माणसं संपली. आता ते घरातल्या एकेकाला नाही म्हणत जातं.

मंगळवार, २९ एप्रिल

चौथी विधवा होती. हॅना. तिने तिघांसारखं उत्तर दिलं नाही. आधी कोणी राहत होतं का, याखाली तिने अर्धं पान लिहिलंय: हो, लोक होते, त्यांच्या चुली माझ्या अंगणात आहेत, त्यांना हाकललं, त्यांतली एक बाई दरवर्षी येऊन तिथे उभी राहते. आणि कुटुंबात: माझा मुलगा, नाव, वय. दावा फेटाळला. जमीन गेली. पण पुढच्या खानेसुमारीचा कागद जोडलेला आहे, त्यात मुलगा आहे.

म्हणजे खरं लिहायचं. दोन्ही प्रश्नांना. त्याच फॉर्मवर, त्याच टेबलावर. नोकरी जाऊ दे खड्ड्यात.

फॉर्म आणायला गेले तर केबिनला कुलूप. सर म्हणाले पॉलिश लावलंय, वाळायला हवं, आणि हमीदभाई किल्ली घेऊन फुजैराला भाचीच्या लग्नाला गेलेत, रविवारी येतील. आत्ताच कसं लग्न निघालं? खिडकी फोडायला गेले. दगड उचलला. सरांनी हात धरला. गार्ड बोलावला त्यांनी.

बुधवार, ३० एप्रिल

तनया. तनया वेदांग. नऊ वर्षं. डाव्या गुडघ्यावर सायकलचा व्रण. दुधाची साय काढून टाकते. झोपताना माझा कान धरते.

रोज हे लिहायचं.

आज निवेदन मागे घेते असा मेल पाठवला सरांना. सर म्हणाले, कुठलं निवेदन, तो मेल मला कोरा आलाय.

गुरुवार, १ मे

तनया. नऊ. डाव्या गुडघ्यावर व्रण. साय. कान.

ती आज बोलत नाही फारशी. मी तिच्यासमोर दोनदा दार लावून घेतलं, ती बाहेर राहिली. लक्षातच आलं नाही. ती रडत म्हणाली, "You looked right at me." माफी मागितली. किती वेळा मागू.

हातावर तिचं नाव पेनाने गोंदवल्यासारखं लिहिलंय. तिनेच लिहून दिलं, मोठ्या अक्षरात.

शुक्रवार, २ मे

तनया. नऊ. व्रण — कुठला गुडघा — डावा. बहुतेक डावा.

विमानतळावर जायचं ठरवलं. टॅक्सी आली. मी बसले, बॅगा चढवल्या, निघाले. इत्तिहाद रोडवर असताना ड्रायव्हरने विचारलं, मॅडम अकेले? मी हो म्हटलं —

हो म्हटलं.

मग शेजारी बघितलं. रिकामी सीट. परत फिरवली गाडी. ती गेटपाशी उन्हात उभी होती, पाठीला दप्तर. मी गाडीत बसले तेव्हा ती मागच्या दाराशी होती, आणि मी दार —

आता इथून हलायचं नाही. रविवारी किल्ली येईल. दोन दिवस. दोन दिवस तिचा हात सोडायचा नाही.

शनिवार, ३ मे

त — नया. तनया.

ती म्हणते, आई, मला नावाने हाक मार. ती मराठीत बोलते आहे आता, सगळं मराठीत, मी ऐकावं म्हणून. मी हाक मारते. तोंडात नाव येतं, मग कोणाचं ते —

तिचा हात माझ्या हातात आहे. डाव्या हाताने लिहितेय.

रविवार, ४ मे

हमीदभाई आले. किल्ली मिळाली. पण आज डोकं जड आहे. काहीतरी करायचं होतं केबिनमध्ये. फॉर्म. कसला तरी फॉर्म भरायचा होता. उद्या.

दुपारी हातात काहीतरी घट्ट धरलेलं होतं, सोडलं तेव्हा बरं वाटलं. बोटं अवघडली होती.

सोमवार, ५ मे

बरं वाटतंय. बऱ्याच दिवसांनी नीट झोपले. वेदांगशी गप्पा मारल्या, तो म्हणाला आवाज छान येतोय तुझा.

हातावर पेनाने तीन अक्षरं लिहिली आहेत. कुठल्या तरी दुकानाचं नाव असावं. साबणाने जात नाहीत. ही मागची पानं चाळली, बरंच काही रचलंय मी. तापात लिहिलं असणार. गोष्ट म्हणून वाईट नाही.

हमीदभाई डब्याकडे बघून म्हणाले की एक बच्ची अंगणात बसते, भूक लागलेली वाटते. त्यांना मूल दिसतं आणि मला नाही, याचं नवल वाटलं. कोणाचं मूल आहे ते बघायला सांगितलं.

मंगळवार, ६ मे

ओपनिंग उद्यावर. सरांना प्रदर्शनात भरलेला नमुना फॉर्म हवाय, लोकांना कळावा म्हणून. केबिनमध्ये टेबलाशी बसले आहे. सोपा आहे. कुटुंबात कोण: कोणी नाही. तुमच्या आधी इथे कोणी राहत होतं का: को —

दारात एक मुलगी उभी आहे. शाळेचा युनिफॉर्म, नऊ-दहाची असेल. गुडघ्यावर जुना व्रण. कंपाऊंडमध्ये मुलं येतात कशी, हमीदभाईंना सांगायला हवं. मी तिला नीट समजावलं की बाळ, हे प्रदर्शनाचं घर आहे, इथे कोणी राहत नाही. ती म्हणाली, मी राहते. म्हटलं, नाही गं, माझ्या आधी इथे कोणी नव्हतं. असं म्हणताना माझा आवाज सूर्यकांत सरांसारखा मऊ निघाला.

ती गेली नाही. चपला काढून आत आली, उंबरा ओलांडला, माझ्या शेजारी बसली. फॉर्म वाचला. मराठीत म्हणाली, हे खोडा. मी का म्हणून विचारलं. म्हणाली, आधी होते लोक, तुम्हीच शिकवलंत. मग हळूच माझा कान धरला.

मी खोडते आहे. का ते माहीत नाही. खालचं अर्धवट 'को' खोडलं. 'होते' असं लिहिलं, आणि चुलींचं, मक्याच्या वाफ्यांचं, हाकलल्याचं लिहिलं, आणि सहीचंही. आता वरचा प्रश्न. कुटुंबात कोण. तिला नाव विचारलं. ती सांगते आहे, तोंड हलतंय, मला आवाज येत नाही. पुन्हा सांग, म्हटलं. ती रडत पुन्हा सांगते आहे. पहिलं अक्षर ऐकू आलं. लिहिते. मुलगी, वय नऊ, नाव —